ऑफिसचा पासवर्ड: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

दरवर्षी जून-जुलै आला की आमच्याकडे नवी मुलंमुली कामाला लागतात. कुणी नुकतंच बी.कॉम. झालेलं असतं, कुणी टॅलीचा कोर्स करून आलेलं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर मी बरीच वर्षं सांभाळते आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात मी एक चिठ्ठी देते. त्यावर युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड असतो. तो बदलून ही मंडळी पुढे काय ठेवतात, ते मला बहुतेक वेळा कळतंच. कारण दोन दिवसांनी "मॅडम, पासवर्ड घेईना की ओ" म्हणत येतात आणि मी न विचारता स्वतःच सांगून टाकतात.

सोलापूर@१२३. सिद्धेश्वर@६८. एमएच१३ आणि पुढे गाडीचा नंबर. शहराचा एसटीडी कोड ०२१७, नाहीतर पिनकोड ४१३००१. स्वतःचं नाव आणि जन्मसाल. आपल्याला वाटतं, सिद्धरामेश्वरांनी गावात स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांची आठवण कुणाला होणार? पण गावात जे सगळ्यांना पाठ आहे ते पासवर्डाला कामाचं नाही. सिद्धरामेश्वरांची लिंगं किती, हे इंटरनेटवर बसलेल्या परक्या माणसालाही एका शोधात कळतं.

(उदाहरणं मी देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत असतात, हे धरून चाला.)

आधी माझी गोष्ट

मी पहिल्यांदा नोकरीला लागले तेव्हाची. डिस्पॅचच्या एंट्र्या माझ्याकडे होत्या. पासवर्ड म्हणजे माझंच नाव आणि पुढे १२३. अख्ख्या ऑफिसला तो पाठ होता, कारण मी जागेवर नसले की "तिच्या नावानं उघडा की" हे सर्रास चालायचं. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट थोडं बरंच वाटायचं, आपल्यावाचून अडतं म्हणून.

एकदा ऑडिटच्या वेळी एका चलनावर १२० डझनाचे १०२ डझन झालेले सापडले. माल गेला १२० डझन, बिल निघालं १०२ चं. कुणी, कधी बदल केला याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये राहते. ती काढली. माझं नाव, दुपारी १ वाजून ४० मिनिटं. त्या वेळी मी मागच्या खोलीत कडक भाकरी मोडून शेंगा चटणी आणि दह्यात कालवत बसले होते आणि समोर दोघीजणी जेवत होत्या. पण नोंदवहीत भाकरी येत नाही, युजरनेम येतं. कुणी मुद्दाम केलं असेल असं मला आजही वाटत नाही, घाईत आकडे उलटे पडले असतील. पण पडले ते माझ्या नावावर. पगारातून पैसे कापले नाहीत एवढंच, मात्र पुढे कित्येक महिने माझी प्रत्येक एंट्री दुसरा माणूस तपासायचा.

तेव्हापासून नव्या माणसाला मी एकच प्रश्न विचारते: व्हाउचरवर, मस्टरवर, चलनावर तू दुसऱ्याला तुझी सही करू देशील का? सगळे "छे" म्हणतात. पासवर्ड ही तुमची सही आहे. १ एप्रिल २०२३ पासून तर कायद्याने नोंदलेल्या कंपन्यांना हिशोबाचं सॉफ्टवेअरही असंच वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. म्हणजे आता तुमच्या नावावर पडलेली एंट्री पुसून टाकायची सोयच राहिलेली नाही.

पहिल्या दिवशी काय करायचं

१. चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकून आत जा. बहुतेक ठिकाणी विंडोज लगेच नवा मागतं. नाही मागितला तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबा, समोर "चेंज अ पासवर्ड" दिसेल. हे जेवणाच्या सुट्टीनंतर करू, उद्या करू असं म्हणू नका. चिठ्ठीवरचा पासवर्ड मला माहीत असतो, म्हणजे तो तुमचा नाहीच.

२. टाइप करण्याआधी कॅप्स लॉक आणि नम लॉककडे बघा. "माझा पासवर्ड चालत नाही" म्हणून येणाऱ्या तक्रारींत या दोन बटणांचा वाटा मोठा आहे. छोट्या लॅपटॉपवर नम लॉक चालू असेल तर काही अक्षरांच्या जागी आकडे पडतात आणि ठिपक्यांमुळे ते दिसत नाहीत.

३. नवा पासवर्ड ठेवला की विंडोजचं बटण आणि एल दाबून कॉम्प्युटर लॉक करा आणि परत उघडा. असं पाच-सहा वेळा. पासवर्ड डोक्याआधी बोटांना पाठ होतो.

४. ऑफिसची मेल मोबाईलवर घेतली असेल तर तिथेही नवा पासवर्ड टाका. हे न केल्याने फार घोळ होतात. मोबाईल गुपचूप जुना पासवर्ड पाठवत राहतो, सर्व्हरला वाटतं कुणीतरी चुकीचे पासवर्ड टाकून बघतंय, आणि तो तुमचं खातंच लॉक करतो. माणूस बिचारा कीबोर्ड बडवत बसतो, आणि चोर त्याच्याच खिशात असतो.

५. चिठ्ठी फाडा. माझ्यासमोर फाडलीत तर मला जास्त बरं वाटेल.

आणखी एक, अनुभवाचं. मोठ्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पासवर्ड बदलू नका. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, नंदीध्वज, पाहुणे असं सगळं करून चार दिवसांनी लोक परत येतात आणि नवा पासवर्ड पार धुऊन गेलेला असतो. बदलायचा तर सोमवारी सकाळी बदला. आठवडाभर रोज टाइप होतो आणि बसतो.

पासवर्ड बनवायचा कसा

लोकांना वाटतं, अवघड चिन्हं घातली की पासवर्ड भक्कम झाला. 'ए'च्या जागी @, 'ओ'च्या जागी शून्य, 'एस'च्या जागी डॉलर. या युक्त्या पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅमना कधीपासून पाठ आहेत. ते आंधळेपणाने ए-बी-सी असे सुरू होत नाहीत. आधी फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या त्यांच्याकडे असतात. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या अमेरिकी कंपनीतून ३ कोटी २० लाखांवर पासवर्ड बाहेर पडले. तिने ते जसेच्या तसे, कुठलंही कुलूप न लावता साठवले होते. त्यातला सगळ्यात जास्त लोकांचा पासवर्ड होता १२३४५६. ती यादी आजही वापरली जाते. म्हणजे माणसं पासवर्ड कसे 'सुचवून घेतात' हे यंत्राला चांगलं कळलेलं आहे. म्हणून सुचलेला पासवर्ड घेऊच नका. चिठ्ठी टाकून निघालेला घ्या, भिशीचा नंबर काढतात तसा.

मी सांगते ती पद्धत अशी. घरात एखादा मराठी शब्दकोश असेल, पाचशेएक पानांचा, तो घ्या. पाकिटातली एक नोट काढा. नोटेच्या नंबरात शेवटी सहा आकडे असतात. त्यातले शेवटचे तीन म्हणजे पान. पाचशेच्या पुढचा आकडा आला तर ती नोट सोडा, दुसरी घ्या. त्याच सहातले पहिले दोन आकडे म्हणजे त्या पानावरचा कितवा शब्द. पानावरचे शब्द संपले तर परत वरून मोजा. एक नोट, एक शब्द. झालं की नोटा पाकिटात परत, आणि कुठल्या नोटा होत्या ते विसरून जा.

परवा एका नव्या मुलीला दाखवायला म्हणून मी पाच शब्द काढले. क्रमाने निघाले ते असे: ओसरी, घोरपड, पत्रावळ, हिशेब, लिंबू. ती हसायलाच लागली. पण हसू येतं ते लक्षात राहतं. ओसरीवर बसलेली घोरपड पत्रावळीवर हिशेब मांडून वर लिंबू पिळते आहे, हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की जात नाही. (हा पासवर्ड इथे लिहिला म्हणजे बाद झाला. कुणी वापरू नका, खरंच.) निघालेला शब्द आवडला नाही म्हणून पुन्हा पुन्हा नोटा काढत बसू नका. मग चिठ्ठीतून निघालेलं राहत नाही, तुमच्या आवडीचं होतं. शब्दाचा अर्थच माहीत नसेल तर मात्र एकदा बदलायला हरकत नाही.

ऑफिसची प्रणाली कॅपिटल, आकडा, चिन्ह मागत असेल तर एका शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करा, मध्ये आडव्या रेघा द्या, कुठेतरी एक आकडा घाला. नियमाचं समाधान होतं. खरी ताकद शब्दांच्या संख्येत आहे.

किती ताकद? थोडं गणित करू. नुसती आठ लहान इंग्रजी अक्षरं घेतली तर २०,८८२ कोटी प्रकार होतात. आकडा दणदणीत वाटतो. पण समजा कुणी तुमच्या सर्व्हरवरून पासवर्डांची फाईल चोरून नेली आणि घरी बसून ताकदवान कॉम्प्युटरवर सेकंदाला १,००० कोटी पासवर्ड ताडून बघतोय. साध्या पद्धतीने साठवलेल्या पासवर्डांवर हा वेग आता फार नाही. तर त्या २०,८८२ कोटींना लागतात एकवीस सेकंद. आता आपला शब्दकोश. ५०० पानं, पानाला २० शब्द, म्हणजे १०,००० शब्द. चार शब्दांना त्याच वेगाने साधारण साडेअकरा दिवस लागतात. पाचवा शब्द जोडला की सुमारे ३१७ वर्षं. त्याला आपली पद्धत आणि आपला शब्दकोश माहीत आहे असं धरूनसुद्धा. एका 'लिंबू'ची किंमत एवढी. म्हणून विंडोजला, मेलला आणि जिथून पैसे हलतात तिथे पाच शब्द. बाकी ठिकाणी, चार-पाच चुका झाल्या की खातं लॉक होतं अशा ठिकाणी, चार चालतील.

आता मराठी शब्दांतली खरी अडचण: स्पेलिंग. 'पत्रावळ'मधला ळ तुम्ही साध्या एलने लिहिता की कॅपिटलने? 'हिशेब' की 'हिशोब'? 'ओसरी'च्या शेवटी आय की डबल ई? आपण व्हॉट्सॲपवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो तेव्हा ज्याला जसं येईल तसं लिहितो, वाचणारा समजून घेतो. पासवर्ड समजून घेत नाही. म्हणून पहिल्या दिवशी स्वतःशी ठरवून टाका: 'आ'ला एकच ए, 'ई'ला एकच आय, ळ ला एल, ण ला एन. तुमच्या हाताला व्हॉट्सॲपवर जी सवय आहे तीच ठेवा, शुद्धलेखनाची परीक्षा नाही ही.

मग सरळ देवनागरीतच पासवर्ड का नको, असं हुशार मुलं विचारतात. काही ठिकाणी चालतो. पण लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड इंग्रजीत असतो, काही जुन्या प्रोग्रॅमना देवनागरी पचत नाही. शिवाय आपलं एकच अक्षर कॉम्प्युटरच्या पोटात दोन तऱ्हांनी साठू शकतं. 'तऱ्हा'मधला तो ऱ एका कीबोर्डवरून एकच चिन्ह म्हणून पडतो, दुसऱ्यावरून र आणि खालचा नुक्ता असा. डोळ्यांना सारखंच, कॉम्प्युटरला वेगळं. कशाला ती झकझक.

एक पासवर्ड, एकच जागा

पाच शब्दांचा भक्कम पासवर्ड केला आणि तोच ऑफिसच्या मेलला, इन्स्टाग्रामला आणि कपडे विकणाऱ्या कुठल्याशा ॲपला ठेवला, तर सगळी मेहनत वाया. ते ॲप फुटलं की तिथला मेल आयडी आणि पासवर्ड घेऊन यंत्रं तीच जोडी इतर शेकडो ठिकाणी लावून बघतात. यात काही फोडावं लागत नाही. जुनी किल्ली नव्या दारांना लावत सुटायचं, एवढंच.

पण वीस ठिकाणी वीस पासवर्ड लक्षात कोण ठेवणार? कुणीच नाही, मीही नाही. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर असतो. बिटवॉर्डन, कीपास असे फुकट मिळणारेही चांगले आहेत. त्याचा एक मुख्य पासवर्ड पाच शब्दांचा ठेवायचा, बाकीचे तोच बनवतो आणि तोच भरतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकण्याआधी मात्र आयटीवाल्या माणसाला विचारा. परस्पर प्रोग्रॅम टाकलेले आम्हाला आवडत नाहीत, आणि त्याला कारणं आहेत.

कागदावर लिहिणं पाप आहे का? माझं मत: कागद कुठे ठेवता त्यावर आहे. मुख्य पासवर्ड एका पाकिटात बंद करून घरच्या कपाटात, जमिनीच्या कागदांजवळ ठेवला तर रशियात बसलेला चोर तिथे पोचत नाही. पण कीबोर्डखाली, मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर, नाहीतर भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशोबाशेजारी... असे पासवर्ड मी इतके पाहिले आहेत की नव्या ऑफिसात गेले की आधी कालनिर्णयाची पानं मागे उलटून बघते.

ब्राउझर "सेव्ह करू का?" विचारतो. तुमचा स्वतःचा, एकट्याचा कॉम्प्युटर आणि त्यावर पासवर्ड असेल तर ठीक. दोन शिफ्टला दोन माणसं बसतात त्या कॉम्प्युटरवर नाही म्हणा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला मेल उघडायची वेळ आली तर इनकॉग्निटो (बंद केल्यावर लॉगिन मागे न ठेवणारी) खिडकी उघडा आणि निघताना ती बंद करा. त्याहून बरं म्हणजे नुसती ती फाईल पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सॲप वेब तिथे उघडलंच असेल तर परत येऊन मोबाईलमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' बघा, दुकानाचा कॉम्प्युटर अजून जोडलेला असू शकतो.

दुसरं कुलूप

मेलला दोन टप्प्यांचं लॉगिन (आधी पासवर्ड, मग एक कोड) चालू करा, मग ऑफिसने सांगितलेलं असो वा नसो. एसएमएसवर ओटीपी येतो तो काहीच नसण्यापेक्षा बराच बरा. ऑथेंटिकेटर ॲप त्याहून चांगलं: त्यातला सहा आकड्यांचा कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि नेटवर्क नसलं तरी दिसतो. चालू करताना काही राखीव कोड मिळतात, मोबाईल हाताशी नसला तर आत यायला. ते लोक बघतही नाहीत, "पुढे" दाबून मोकळे होतात. तेच कोड लिहून त्या कपाटातल्या पाकिटात टाका.

कोड फोनवर कुणालाही सांगायचा नाही. मलाही नाही. मी मागत नाही. "आयटीतून बोलतोय" म्हणून कुणी मागितला तर तो आयटीतला नाही, हे मी लिहून देते.

भीड

खरं संकट हे आहे. सोलापुरात ऑफिसचा पासवर्ड परदेशातला हॅकर नेतो त्यापेक्षा शेजारच्या टेबलावरचे अण्णा नेतात. अण्णा वीस वर्षं तिथे आहेत, स्वभावाने चांगले आहेत, तुम्हाला काम शिकवतात, चहा पाजतात. दुपारी म्हणतात, "अगं, तुझा पासवर्ड सांग जरा, स्टॉक बघायचाय." नवीन पोरीने नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणायचंच नाही. उठायचं आणि म्हणायचं, "थांबा अण्णा, मीच उघडून देते की." उघडून द्या, बघू द्या, काम झालं की लॉक करा. दोन-तीनदा असं झालं की अण्णांनाही कंटाळा येतो आणि ते स्वतःचं लॉगिन मागायला माझ्याकडे येतात. मला हवं असतं तेच. रजेवर असताना फोन आला तर, "साहेबांना सांगून मॅडमकडून परवानगी घ्या ना, त्या लगेच देतात." दोष माझ्यावर ढकला, मला सवय आहे. साहेबांनीच मागितला तर? तर साहेबांना ज्या फाईलची गरज आहे ती फाईल द्या. मालकाला तुमच्या कामावर हक्क आहे, तुमच्या सहीवर नाही.

ज्या खात्याला एकच लॉगिन असतं आणि चौघं वापरतात, तिथे कुणाकुणाला पासवर्ड माहीत आहे याची यादी एका माणसाकडे हवी, आणि त्यातला एक जरी नोकरी सोडून गेला तरी त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा. गेलेल्या माणसावर संशय म्हणून नव्हे. उद्या काही घडलं तर त्याचं नाव उगाच मध्ये येऊ नये म्हणूनही.

चेष्टेत सुद्धा दुसऱ्याच्या नावाने आत जाऊ नका. फसवणुकीच्या हेतूने दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

आणि जागेवरून उठताना विंडोज-एल. चहाला, वॉशरूमला, मेमध्ये लाइट गेली म्हणून वाऱ्याला दारात उभं राहायला जाताना सुद्धा. यूपीएसवर कॉम्प्युटर चालूच असतो, तुम्ही मात्र बाहेर.

मागायला येणारी मेल

आपल्याकडच्या निर्यातदारांना येते ती मेल बहुधा अशी असते: परदेशी खरेदीदार, टेरी टॉवेलची मोठी ऑर्डर, सोबत 'परचेस ऑर्डर'ची फाईल. फाईल उघडली की मेलच्या लॉगिनसारखंच दिसणारं पान येतं आणि पुन्हा पासवर्ड टाका म्हणतं. मार्केट मंदीत असताना मोठी ऑर्डर दिसली की हात आपोआप चालतो. पासवर्ड गेला की चोर लगेच काही करत नाही. तो आठवडेच्या आठवडे मेल वाचत बसतो. मग खऱ्या ग्राहकाला खरं बिल जायच्या वेळी तुमच्याच नावाने मेल जाते: "आमचं बँक खातं बदललं आहे." माल इथून गेला, पैसे तिसरीकडे.

म्हणून: फाईल बघायला पासवर्ड लागत असेल तर थांबा. वरच्या पत्त्याच्या पट्टीत (सुरुवातीचं https:// सोडून) पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. डॉट कॉमच्या अगदी आधी जो शब्द आहे तो खरा मालक. डावीकडे ओळखीच्या कंपनीचं नाव कितीही वेळा लिहिलेलं असो. पासवर्ड मॅनेजरचा इथे एक फायदा आहे: खोट्या पानावर तो पासवर्ड भरतच नाही, कारण त्याला पत्ता ओळखीचा वाटत नाही. तो गप्प बसला की तुम्हीही गप्प बसा. बँक खातं बदलल्याची मेल कुणाचीही असो, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको.

बदलायचा कधी

दर महिन्याला बदला, असं जुनी माणसं सांगतात. तो सल्ला जगभर पसरला त्यात २००३ च्या सुमाराला अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेत बिल बर यांनी लिहिलेल्या नियमांचा मोठा हात. त्याच संस्थेने २०१७ मध्ये भूमिका बदलली: फुटल्याची शंका असल्याशिवाय सक्तीने बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, लांब पासवर्ड ठेवू द्या. बर यांनीही त्या वर्षी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल खंत बोलून दाखवली. का, ते आमच्या ऑफिसात दिसतं. दर महिन्याला बदलायला लावलं की लोक जानेवारी@१, फेब्रुवारी@२ असं करतात.

पण तुमच्या कंपनीत ९० दिवसांचा नियम असेल तर तो पाळावा लागेल. मग शेवटचा आकडा वाढवत बसू नका, नव्या नोटा काढा. एरवी बदला तो कुणाला कळला असं वाटलं, कुठल्या फसव्या पानावर टाकला गेला, किंवा ज्या सेवेत तो होता ती फुटल्याची बातमी आली तर.

टाकला गेलाच तर

लाज वाटते, म्हणून लोक दोन दिवस लपवतात. ते दोन दिवस सगळ्यात महाग पडतात. लगेच दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाईलवरून पासवर्ड बदला. मग खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळीकडून साइन-आउट करा, नाहीतर चोर आधीच आत असेल तर तो तसाच बसून राहतो. मेलमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' उघडून बघा. तुमच्या मेलची नक्कल परस्पर दुसरीकडे जाईल अशी व्यवस्था चोर करून ठेवतात, आणि पासवर्ड बदलला तरी ती तशीच राहते. तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथेही बदला. मला किंवा तुमच्याकडे जो कुणी हे बघतो त्याला त्याच वेळी सांगा. पैसे गेले असतील तर १९३० वर तत्काळ फोन लावा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते, उद्या सकाळी ती फारशी उरत नाही. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते.

नोकरी किंवा मोबाईल बदलताना

नोकरी सोडताना फाईली द्या, कामाची यादी द्या, कुठल्या खात्याला कोणता मेल जोडलेला आहे ते लिहून द्या. स्वतःचा पासवर्ड देऊ नका. तुमचं खातं बंद करणं आमचं काम आहे, आणि ते बंद झालं की नाही हे शेवटच्या दिवशी विचारून जा. स्वतःच्या मोबाईल नंबरावर ऑफिसचे ओटीपी येत असतील तर नंबर बदलून घेतल्याशिवाय उठू नका. सहा महिन्यांनी जुन्या ऑफिसातून "जरा ओटीपी सांगता का" असे फोन येत राहतात आणि नव्या नोकरीत बसून ते सांगत बसणं काही बरं दिसत नाही.

जुना फोन विकायला नवी पेठेत नेण्याआधी ऑथेंटिकेटर नव्या फोनवर हलवला का, ते बघा, आणि नव्या फोनवरून एकदा लॉगिन करून खात्री करा. दुकानदाराने फोन रीसेट केला की मग माझ्याकडे येऊन लगेच काही होत नाही. कपाटातलं ते पाकीट सापडलं तर ठीक, नाहीतर मीसुद्धा मेल लिहून दोन दिवस वाट बघत बसते.